प्रतिभेची तालीम

गोष्ट कशी सुचावी आणि कविता कशी सुचावी, हे शिकविणाऱ्या पुस्तकांचा व वर्गांचा अलीकडे मोठा सुकाळ झाला आहे. डोळे मिटून शब्दकोश उघडावा व ज्या दोन शब्दांवर बोट पडेल त्यांवर कथा रचावी. घड्याळ समोर ठेवून दहा मिनिटे लेखणी न उचलता लिहीत सुटावे. रस्त्यात कानांवर पडलेल्या एखाद्या अर्धवट वाक्याने आरंभ करावा. एखादे अक्षर वर्ज्य करून पान भरावे. अशा नाना युक्त्या तेथे सांगितल्या जातात. या युक्त्यांविषयी आपल्या साहित्यिकांत दोन तट दिसतात. एका तटास त्यांचे हसू येते. प्रतिभा ही ईश्वरी देणगी. ती काय जोर-बैठकांनी वाढावयाची आहे, असे तो विचारतो. दुसऱ्या तटास त्यांचा इतका भरवसा वाटतो की, अशा शंभर कृती केल्या म्हणजे मनुष्य कथालेखक झालाच, असे तो धरून चालतो. आम्हांस दोन्ही तट अंमळ घाईचे वाटतात. म्हणून या व्यायामांची स्वतंत्र परीक्षा करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एका व्यायामाची आठवण करून देतो. तो मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने केलेला आहे. 'पुढील मुद्द्यांवरून गोष्ट लिहा: लाकूडतोड्या, नदीकाठचे झाड, कुऱ्हाड पाण्यात पडणे, जलदेवता, सोन्याची कुऱ्हाड, तात्पर्य.' आम्हीही तो केला आणि दहापैकी सात गुणही मिळविले. पुढे पुष्कळ वर्षांनी ध्यानात आले की, या मुद्द्यांत सुचण्याजोगे काही शिल्लकच ठेवलेले नव्हते. प्रसंग दिलेला, क्रम दिलेला, शेवट दिलेला. आणि विद्यार्थ्याने चुकूनही भलतीकडे जाऊ नये म्हणून तात्पर्याचा खुंटा अगोदरच ठोकलेला. उरले काय, तर क्रियापदे भरणे. त्या मानाने 'फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त' हा निबंधाचा विषय कितीतरी उदार! तेथे निदान छत्रीने कोणाच्या हाती दिवस काढले हे तरी मुलास ठरवावे लागते. तेव्हा व्यायाम म्हटला की तो सारखाच फलदायी, हा समज प्रथम सोडला पाहिजे.

आता प्रतिभावाद्यांकडे वळू. ते आपल्या प्राचीन साहित्यशास्त्राचा आधार मोठ्या अभिमानाने घेतात. पण ते शास्त्र त्यांच्या बाजूने साक्ष देईलच असे नाही. नवनव्या उन्मेषांनी युक्त अशी प्रज्ञा ती प्रतिभा, ही भट्टतौताची व्याख्या सर्वांस पाठ असते. परंतु मम्मटाने काव्याचा हेतू सांगताना शक्ती, निपुणता व अभ्यास ही तीन एकत्र मिळूनच एक हेतू होतो, असे म्हटले आहे. आणि दंडी तर याहूनही पुढे जाऊन आश्वासन देतो की, पूर्वजन्मीची प्रतिभा नसली तरी श्रवणाने व यत्नाने उपासना केलेली वाग्देवी काही ना काही अनुग्रह करतेच. ना. सी. फडके यांनी १९३१ साली आपल्या पुस्तकास 'प्रतिभासाधन' हे नाव दिले, तेव्हा प्रतिभा आणि साधन हे दोन शब्द एका समासात पाहून काहींच्या भुवया चढल्या असतील. पण तो समास दंडीस मुळीच खटकला नसता.

या अभ्यासाचे प्रत्यक्ष रूप काय होते, हे पाहावयाचे असेल तर राजशेखराची 'काव्यमीमांसा' उघडावी. हा ग्रंथ सुमारे इ. स. ९०० च्या आसपासचा. तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून १९१६ साली प्रसिद्ध झाला. राजशेखर कनोजच्या दरबारी वावरला. पण आपल्या पणजोबास तो 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणवितो, तेव्हा त्याच्यावर आपलाही थोडा हक्क पोहोचतो. ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात त्याने कवीच्या दिवसाचे प्रहरवार वेळापत्रक दिले आहे. सकाळच्या पहिल्या प्रहरी विद्यांचे व उपविद्यांचे अध्ययन. दुसऱ्या प्रहरी काव्यरचना. मध्यान्ही स्नान व भोजन. भोजनोत्तर काव्यगोष्ठी, प्रश्नोत्तरे, समस्या, सुंदर अक्षरांचा अभ्यास व चित्रकाव्याचे खेळ. आणि चौथ्या प्रहरी एकट्याने किंवा मोजक्या मित्रांसह सकाळच्या रचनेचे परीक्षण. रात्री तपासून झालेल्या मजकुराची नक्कल. कवीपाशी कोणते साहित्य असावे याचीही यादी आहे: पाटी व खडू, पेटी, ताडपत्रे किंवा भूर्जपत्रे, लेखणी, दौत. आणि ही सगळी यादी देऊन झाल्यावर हा चतुर मनुष्य म्हणतो की, हे साहित्य झाले आचार्यांच्या मते; यायावरीयाच्या, म्हणजे स्वतः राजशेखराच्या, मते प्रतिभा हेच खरे साहित्य!

या वेळापत्रकात एक गोष्ट लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. समस्या आणि चित्रकाव्य यांची जागा दुपारी जेवणानंतर आहे. काव्यरचनेचा प्रहर वेगळा, खेळाचा वेगळा. खेळात जे हाती लागले ते काव्य, असे राजशेखर मानीत नाही. आणि खेळ नको असेही मानीत नाही. मल्ल तालमीत घाम गाळतो तो फडाच्या दिवसासाठी. पण तालमीतील डावांचे वर्णन करून कोणी फड जिंकल्याचा डांगोरा पिटीत नाही. आजच्या वर्गांत मात्र दुपारचा खेळ संध्याकाळी छापावयास पाठविण्याची चाल पडू लागली आहे. मधला चौथा प्रहर गळाला तो गळालाच.

राजशेखराहून अधिक रोकडा शिक्षक म्हणजे काश्मीरचा क्षेमेंद्र. अकराव्या शतकातील या बहुश्रुत लेखकाने 'कविकंठाभरण' नावाची लहानशी पुस्तिका केवळ कवी घडविण्यासाठी लिहिली. शिष्यांचे तो तीन वर्ग करतो: थोड्या यत्नाने साधणारा, कष्टाने साधणारा आणि न साधणारा. तिसऱ्याविषयी त्याच्या मनात भ्रम नाही. जो स्वभावतःच दगडासारखा, जो व्याकरणाने मेलेला किंवा तर्काने जळलेला, त्यास कितीही शिकविले तरी व्यर्थ. गाढवास गाणे येत नाही आणि आंधळ्यास सूर्य दाखविता येत नाही, असे तो रोखठोक सांगतो. (वैयाकरणांवरील हा राग क्षेमेंद्राचा एकट्याचा नव्हे; पण त्यास त्याने वाचा चांगली फोडली.) मधल्या वर्गासाठी मात्र त्याने जे पाठ नेमले आहेत, ते आजच्या कोणत्याही पाश्चात्य पुस्तकात शोभतील. पहिला पाठ असा की, अर्थाची पर्वा न करता केवळ वृत्तात बसतील असे शब्द जोडीत जावे. अर्थशून्य श्लोक रचावे, म्हणजे वृत्त हाडांत मुरते. दुसरा पाठ असा की, थोर कवीचा श्लोक घेऊन त्यातील एकेक पद काढावे आणि त्याच अर्थाचे दुसरे बसवावे. उदाहरणासाठी त्याने भीडभाड न ठेवता 'रघुवंशा'चे मंगलाचरणच हाताशी घेतले आहे.

हा दुसरा पाठ वरवर पाहता चोरीचे शिक्षण वाटेल. पण करून पाहिला म्हणजे त्याचे मर्म कळते. पद बदलले, वृत्त टिकले, अर्थही जवळजवळ टिकला, तरी काहीतरी गेले. जे गेले ते काय, हे बोटाने दाखविता येणे, हीच काव्याची पहिली समज होय. शंभर टीकाग्रंथ वाचून जी उमजत नाही ती एका श्लोकाची मोडतोड करून उमजते. आमच्या मते क्षेमेंद्राचा हा व्यायाम नवीन सुचविण्यासाठी नाहीच. तो कान तयार करण्यासाठी आहे. आणि कान तयार झाल्यावाचून सुचलेले भले की बुरे हे कोण ठरविणार?

पुढे त्याने कवीस शंभर शिक्षा सांगितल्या आहेत. त्यांत समस्यापूर्ती आहे. पण तिच्याच शेजारी कारागिरांचे कौशल्य पाहणे, शोक करणाऱ्यांचे विलाप ऐकणे, स्मशाने व अरण्ये पाहणे, लोकांचे आचार निरखणे, पहाटे जागे होणे, हेही आहे. शब्दांचा व्यायाम आणि जगाचे दर्शन ही त्याने एका यादीत बसविली. आजच्या पुष्कळ पुस्तकांत पहिले आहे व दुसरे नाही; निदान स्मशानाचे नाव तरी आमच्या पाहण्यात आले नाही.

आता समस्येविषयी थोडे सविस्तर. एक चरण दिलेला असावा आणि उरलेले तीन कवीने पुरे करावे, हा खेळ इतका जुना की वात्स्यायनाने तो चौसष्ट कलांत गणला आहे. त्याचे अत्यंत गाजलेले उदाहरण कालिदास व भोज यांच्या दंतकथांतील आहे. (या दोघांत कित्येक शतकांचे अंतर आहे, पण दंतकथेला पंचांग लागत नाही.) राजाने दिलेला चरण नुसता 'ठ' या अक्षराच्या आवर्तनांचा, त्यास शेंडा ना बुडखा. कालिदासाने तो असा पुरा केला: राजाच्या अभिषेकप्रसंगी मदाने विव्हल झालेल्या तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटला आणि जिन्याच्या पायऱ्यांवरून तो गडगडत गेला, तेव्हा हा आवाज झाला.

ही पूर्ती शतकानुशतके लोकांच्या तोंडी का राहिली? केवळ हजरजबाबीपणामुळे नव्हे. दिलेला चरण अर्थहीन होता, म्हणजेच सर्व बाजूंनी मोकळा होता. परंतु त्यास स्वतःची लय होती. पूर्तीने तो अर्थहीनपणा झाकला नाही. त्यास कारण दिले. आवाज तोच राहिला, पण आता त्याच्यामागे एक हात आहे, एक मोहाचा क्षण आहे, पायऱ्या आहेत. उलट ज्या समस्यांत दिलेल्या चरणातच सगळी कल्पना भरलेली असते, त्यांच्या पूर्ती वाचवत नाहीत. तेथे कवी लाकूडतोड्याच्या मुद्द्यांवर क्रियापदे भरणाऱ्या विद्यार्थ्याच्या जागी येतो. चांगली समस्या अपुरी असते आणि थोडी वेडगळही असते.

आमच्या घरोघरच्या बायकांनी हे सारे कोणत्याही शास्त्रावाचून ओळखले आहे. उखाणा म्हणजे समस्यापूर्तीच नव्हे काय? नवऱ्याचे नाव दिलेले. ते टाळता येत नाही, बदलता येत नाही. त्याच्याशी यमक जुळवून बाकीची ओळ आपण आणावयाची, आणि तीही दारात वाट अडवून उभ्या राहिलेल्या नणंदांच्या देखत. पाठ केलेला उखाणा ऐकून कोणी मान वर करीत नाही. पण एखादी नवी सून जेव्हा त्या दिवशीच्या स्वयंपाकातील फसलेला पदार्थच ओळीत गुंफते, तेव्हा सगळी ओसरी हसते. नाव तेच, यमक तेच; आत आलेली वस्तू मात्र त्या घरातली असते.

नियम पाळून लिहिण्याचा सर्वांत कठोर प्रकार म्हणजे अक्षर वर्ज्य करणे. त्याची तीन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवण्याजोगी आहेत. पहिले दंडीचे. 'दशकुमारचरिता'च्या सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त आपली हकिकत सांगतो ती संबंध ओष्ठ्य वर्णांवाचून. का, तर रात्री प्रियेच्या दातांनी त्याचे ओठ दुखावले आहेत. ओठ मिटविणे त्यास सोसत नाही. नियम लेखकाने घातला खरा, पण त्याचे दुखणे पात्राच्या ओठांवर ठेवले. वाचक त्या चातुर्यावर हसतो आणि त्याच वेळी मंत्रगुप्ताची रात्रही त्यास न सांगता कळते.

दुसरे आमच्या मोरोपंतांचे. बारामतीच्या या कवीने (१७२९–१७९४) एकशे आठ रामायणे रचिली अशी प्रसिद्धी आहे; त्यांत निरोष्ठ रामायणही आहे. त्यात ओठांचे वर्ण नाहीत. आता 'म' हा ओठांचा वर्ण. तेव्हा ज्याची ही कथा त्याचे 'राम' हे नावच कवीस उच्चारता येत नाही! ज्या भक्ताने रामायणाची एवढी आवर्तने केली, त्याने एका आवर्तनात ते नाव स्वतःच्या ओठांस मना करून घेतले. आम्ही ही रचना आजवर पंडिती कसरत म्हणून हातावेगळी केली. आणि ती कसरत आहे हे नाकारण्याचे कारण नाही. मोरोपंतांचे हृदय पाहावयाचे तर 'केकावली'कडेच गेले पाहिजे. तरीही नामावाचून नामी सांगण्याची ही कल्पना एखाद्या भक्तकवीच्या हाती केवढी करुण होऊ शकली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही. मोरोपंतांनी नियम उत्तम पाळला. पण त्या नियमात दडलेली कविता त्यांनी बोलाविली नाही, असे आमचे मत आहे.

तिसरे उदाहरण फ्रान्समधील. १९६० साली पॅरिसमध्ये रेमों केनो व फ्रान्स्वा ल लिओने यांनी 'ऊलिपो' नावाचे एक मंडळ स्थापिले. गणिती व साहित्यिक यांनी मिळून लेखनाचे नवे निर्बंध शोधावयाचे, हा त्याचा उद्योग. केनोने त्यापूर्वीच, १९४७ साली, बसमधील एक क्षुल्लक प्रसंग नव्व्याण्णव तऱ्हांनी सांगणारे पुस्तक लिहिले होते; ते वाचताना करमणूक होते, आणि साठाव्या तऱ्हेनंतर थोडी दमछाकही होते. पण त्याच मंडळातील जॉर्ज पेरेक याने १९६९ साली जी कादंबरी प्रसिद्ध केली, तिची जात निराळी. फ्रेंच भाषेत सर्वांत अधिक येणारे अक्षर 'ई'. ते त्याने सुमारे तीनशे पानांत एकदाही येऊ दिले नाही. नाव 'ला दिस्पारिस्याँ', म्हणजे नाहीसे होणे. कथेतील माणसे काहीतरी हरवले आहे म्हणून शोधीत राहतात, आणि काय हरवले ते त्यांस म्हणता येत नाही. आता हे ध्यानात घ्यावे की, फ्रेंचमधील 'आई' आणि 'बाप' या दोन्ही शब्दांत ते अक्षर आहे. पेरेक हा पोलंडहून आलेल्या ज्यू मातापितरांचा मुलगा. बाप १९४० साली लढाईत पडला. आईस १९४३ साली आउश्वित्झला नेण्यात आले, ती परतली नाही. तिच्याविषयी पुढे सरकारातून जो कागद मिळाला, त्यावर मृत्यूची नोंद नव्हती. नाहीसे झाल्याची होती. शब्द तोच, जो कादंबरीच्या मथळ्यावर आहे.

हे कळल्यावर त्या पुस्तकास कसरत म्हणण्याचे धाष्टर्य होत नाही. दंडीने नियमास कथेत कारण दिले. पेरेकला कारण अगोदरपासूनच होते, आणि नियमाने त्यास तोंड दिले. सरळ बोलू गेला असता तर हा मनुष्य कदाचित बोललाच नसता. व्यायामाचा सर्वांत मोठा उपयोग आम्हांस येथे दिसतो. तो नवे काही देत नाही. जे आहे पण ज्याच्या समोरच्या दारास कुलूप आहे, त्यास मागचे दार दाखवितो.

याच संबंधात १८१६ च्या उन्हाळ्याची ती प्रसिद्ध पैज आठवते. त्याच्या आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झालेला. युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. जिनीव्हा सरोवराच्या काठी पावसाने घरात कोंडलेल्या मंडळींस बायरनने सुचविले की, प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहावी. बायरन व शेली, दोघेही त्या काळचे महाकवी. दोघांनीही आरंभ करून गोष्ट सोडून दिली. बायरनच्या टाकलेल्या तुकड्यावरून त्याच्या वैद्याने, पोलिडोरीने, रक्तपिपासू पिशाचाची कथा रचली. ती १८१९ साली छापली गेली. राहिली अठरा वर्षांची मेरी. तिने १८३१ च्या प्रस्तावनेत सांगितले आहे की, रोज सकाळी तिला गोष्ट सुचली का म्हणून विचारीत, आणि रोज खाली मान घालून नाही म्हणावे लागे. मग एका रात्री जीवतत्त्वाविषयी, मृतास चेतना देता येईल की काय याविषयी, पुरुषमंडळींचे बोलणे तिने ऐकले. आणि झोप न येता डोळ्यांसमोर ते चित्र उभे राहिले. 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ च्या आरंभी बाहेर पडले.

व्यायामाच्या पुस्तकांतून ही कथा पैजेचा महिमा म्हणून सांगतात. पण त्याच मेरीच्या रोजनिशीत, १८१५ च्या मार्च महिन्यात, आणखी एक नोंद आहे. तिची पहिली मुलगी अपुऱ्या दिवसांची जन्मून थोड्याच दिवसांत गेली होती. त्यानंतर तिला स्वप्न पडले की, बाळ गेलेच नव्हते; ते नुसते गारठले होते, शेकोटीपुढे चोळल्यावर ते जिवंत झाले. पैज चौघांनीही ऐकली. शेकोटीपुढचे बाळ एकीच्याच मनात होते. रोज सकाळी जे 'नाही' म्हणावे लागत होते, ते काही न सुचल्यामुळे की सुचलेले पाहण्याचा धीर होत नसल्यामुळे, हे कोणी सांगावे?

इटलीच्या जान्नी रोदारीचा प्रयोग याहून सौम्य व हसरा आहे. मुलांसाठी लिहिणारा हा लेखक. १९७३ च्या त्याच्या 'कल्पनेचे व्याकरण' या पुस्तकात तो म्हणतो की एका शब्दाने गोष्ट होत नाही, दोन लागतात. आणि ते दोन एकमेकांस अनोळखी असले पाहिजेत. कुत्रा आणि मांजर यांत काही घडत नाही. कुत्रा आणि कपाट यांत घडते. मग तो शब्दयोगी अव्यये बदलून त्यांची नाती बदलीत जातो. आम्हांस वाटते की, हा खेळ इटालियनपेक्षा मराठीतच अधिक रंगावा. आमच्या विभक्त्यांनी त्याची सोय अगोदरच करून ठेविली आहे. प्रयोगासाठी आम्ही शब्दकोश उघडला. 'शिंपी' आणि 'विहीर' हे शब्द निघाले. शिंप्याची विहीर: यात भाऊबंदकी व कोर्टकचेरी आहे, म्हणजे नेहमीचेच. विहिरीतला शिंपी: यात एक आत्महत्या किंवा एक भूत. शिंप्यावाचून विहीर: यात काहीच नाही. विहिरीसाठी शिंपी: येथे मात्र आम्ही थबकलो. विहिरीला कपडे कोण शिवील, आणि का? कोणाचे तरी मूल तीत पडले असेल, आणि त्या घरच्या म्हातारीस ते काळे तोंड झाकून टाकावयाचे असेल.

आता हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, म्हातारी विभक्तीने दिली नाही. ती आमच्या आजोळची आहे, विहीरही तेथलीच. चतुर्थीने फक्त तिला हाक मारली. आज दोन शब्द टाकताच क्षणात गोष्ट जुळवून देणारी यंत्रे निघाली आहेत, आणि ती 'शिंपी' व 'विहीर' यांवरही काहीतरी गोड जुळवतील यात शंका नाही. पण ती विहीर आम्ही लहानपणी वाकून पाहिलेली नसेल.

पुढे काय झाले, असे कोणी विचारील. पहिल्या दिवशी चार पाने झाली. राजशेखराच्या चौथ्या प्रहरी ती वाचली, तेव्हा तीन टाकावी लागली. त्यांत भूत शिरले होते आणि ते उसने होते. उरलेल्या पानावर शिंपी काठावर बसला आहे, गज व खडू घेऊन, आणि माप कोठून धरावे हे म्हातारीस विचारतो आहे. तिने अजून उत्तर दिलेले नाही.